मुखाच्या कर्करोगाचे फलानुमान : अहवालातील मिलिमीटर

एखादा रोग पुढे कोणती वाट धरेल, उपचारांना किती दाद देईल आणि रुग्णाच्या वाट्याला किती आयुष्य येईल, याविषयी पुराव्यावरून बांधलेल्या अंदाजाला वैद्यकात फलानुमान म्हणतात. मुखाच्या कर्करोगात हा अंदाज बांधण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे रक्ताची तपासणी नव्हे आणि महागडा स्कॅनही नव्हे, तर शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी होय. लोकव्यवहारात मात्र अहवाल म्हणजे 'तुकड्याचा रिपोर्ट', आणि त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की कर्करोग आहे किंवा नाही ते सांगावे. ते एकदा कळले की घरचे, सोयरे आणि शेजारी एकच प्रश्न विचारू लागतात : कितव्या स्टेजचा आहे? उपचारापूर्वीचा तुकडा आणि शस्त्रक्रियेनंतरचा संपूर्ण नमुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिला रोगाचे नाव सांगतो आणि दुसरा त्याचे वर्तन सांगतो, हे बहुतेकांना कोणी समजावून दिलेलेच नसते. या दुसऱ्या अहवालातील काही मोजमापे ही रुग्णाची भविष्यवाणी नसून पुढील उपचारांची आज्ञा आहेत, आणि ती मोजमापे काळजीपूर्वक घेतली गेली नाहीत तर आज्ञाही चुकते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला परका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कचे मुखविकृतितज्ज्ञ पिंडबोर्ग यांच्या साथीने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि मुखाचा कर्करोग व कर्करोगपूर्व विकार यांविषयीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या मोठ्या ग्रामीण लोकसंख्येची अशी पाहणी त्या काळी जगात क्वचितच झाली होती. तळहातावर चुन्याबरोबर मळून ओठाच्या किंवा गालाच्या आत धरलेला तंबाखूचा बार आणि भाजून पूड केलेली, दातांना व हिरड्यांना लावायची मशेरी, या सवयी तेव्हाही घरोघर होत्या. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील तंबाखूचा रोग फुप्फुसाआधी तोंडात का दिसतो, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू एका वर्षात झाले, आणि भारतीय पुरुषांमध्ये या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे.

मुंबईतील परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली, आणि त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा १९४४ मध्येच प्रसिद्ध केला. म्हणजे या रोगाकडे विकृतिशास्त्राच्या नजरेने पाहण्याची मराठी मुलखातील परंपरा ऐंशी वर्षांची आहे. इतकी जुनी परंपरा असूनही अहवालातील कोणत्या ओळीला किती वजन द्यायचे, याविषयीचे मत या काळात पुष्कळ बदलले आहे.

सर्वांत जुनी ओळ आहे ती श्रेणीची. मुखाचे नव्वद टक्क्यांहून अधिक कर्करोग तोंडाच्या आतील अस्तराच्या चपट्या पेशींपासून, म्हणजे शल्कपेशींपासून, निर्माण होतात. या कर्करोगपेशी मूळ पेशींशी किती साम्य राखून आहेत, केराटिन हे प्रथिन किती तयार करतात, यावरून त्यांना सुविभेदित, मध्यम विभेदित आणि अल्पविभेदित असे तीन वर्ग दिले जातात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगासाठी मांडलेल्या प्रतवारीचे हे वंशज आहेत. नातेवाइकांच्या नजरेत भरणारा शब्दही हाच, कारण 'वेल डिफरन्शिएटेड' हे ऐकायला बरे वाटते. परंतु फलानुमानाच्या कामी ही ओळ दुबळी ठरली आहे. बहुसंख्य रुग्ण पहिल्या दोन वर्गांतच मोडतात, त्यामुळे वर्ग कळूनही रुग्णांमध्ये फारसा भेद होत नाही. एकाच गाठीच्या दोन भागांत दोन श्रेणी दिसतात. आणि सूक्ष्मदर्शकाखालची एकच काच दोन तज्ज्ञांना दाखवली तर दोघांचे मत जुळेलच असे नाही. त्याहून मूलभूत अडचण ही की श्रेणी पेशीचा चेहरा पाहते, तर रुग्णाचा जीव जातो तो पेशीच्या वागण्याने. हे ध्यानात आल्यावर संशोधकांनी गाठीच्या मध्यभागावरून नजर काढून ती आत घुसणाऱ्या कडेवर नेली, आणि विसाव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेचे मॅग्ने ब्रायन यांनी गाठीच्या सर्वांत खोल आघाडीचीच श्रेणी ठरवावी असा आग्रह धरला. दिशा योग्य होती.

त्या दिशेने मिळालेले सर्वांत उपयुक्त मोजमाप म्हणजे शिरकावाची खोली. गाठ किती सेंटिमीटर रुंद आहे हे बोटाने चाचपूनही कळते, परंतु ती किती मिलिमीटर खोल उतरली आहे हे रुंदीवरून कळत नाही, आणि मानेतील लसीकाग्रंथींकडे जाणाऱ्या लसीकावाहिन्या व नसा खोलातच असल्याने रोगाचा खरा धोका खोलीवर ठरतो. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर या संस्थेने आपल्या स्टेज-वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०१८ पासून अमलात आली, ही खोली प्रथमच स्टेजच्या व्याख्येत घेतली. २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल नसेल तरच ती पहिल्या वर्गात बसते, तेवढ्याच रुंदीची गाठ ५ मिलिमीटरच्या खाली गेली की दुसऱ्या वर्गात जाते, आणि २ ते ४ सेंटिमीटरची गाठ १० मिलिमीटरच्या पलीकडे उतरली असेल तर ती तिसऱ्यात मोजली जाते.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक भेद लक्षात घ्यावा लागतो. खोली आणि जाडी या एक नव्हेत. जाडी गाठीच्या माथ्यापासून तळापर्यंत मोजतात. खोली मात्र शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळपटलाची पातळी धरून, त्या पातळीवरून ओळंबा सोडावा तशी सरळ खाली मोजतात. फुलकोबीसारखी बाहेर वाढलेली गाठ दिसायला भयंकर असते, तिची जाडी मोठी भरते, पण खोली थोडीच असू शकते. उलट ज्या जखमेचा माथा झडून खळगा पडला आहे तिची जाडी कमी भरते आणि खोली जास्त. जाडीलाच खोली समजून लिहिले तर पहिल्या रुग्णाला नको तितके उपचार मिळतात आणि दुसऱ्याला हवे तितके मिळत नाहीत. प्रत्यक्ष व्यवहारात हा गोंधळ होतो, आणि त्याचे कारण अज्ञानापेक्षा घाई हे अधिक असते, कारण खोली मोजायची तर नमुना गाठीच्या सर्वांत खोल बिंदूतून आणि लगतच्या निरोगी अस्तरासह कापलेला असावा लागतो.

खोलीनंतरचा प्रश्न असा की गाठ खाली कशी उतरते. काही गाठी रुंद, सलग कडेने खालच्या ऊतींना ढकलत पुढे सरकतात. काही पेशींच्या बारीक दोऱ्या सोडतात. आणि काही शेतातल्या हरळीसारख्या वागतात, म्हणजे मूळ गड्ड्यापासून अंतर राखून, मधली जमीन मोकळी दिसत असतानाच, दूर कोठेतरी पुन्हा डोके वर काढतात. या शेवटच्या प्रकारात मुख्य गाठीपासून १ मिलिमीटर किंवा अधिक अंतरावर कर्करोगपेशींची स्वतंत्र बेटे आढळतात. मार्गारेट ब्रँडवाइन-गेन्सलर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शिरकावाचा आढळलेला सर्वांत वाईट प्रकार, गाठीच्या कडेवर लिम्फोसाइट या संरक्षक पेशींची फळी किती दाट आहे, आणि नसांभोवतीचा शिरकाव, या तीन गोष्टी एकत्र करून धोक्याची पायरी ठरवण्याची पद्धत मांडली. तिचे मर्म असे की कर्करोग हा एकट्या पेशीचा गुन्हा न मानता पेशी आणि शरीर यांच्यातील झटापट मानावा. आघाडीवर लिम्फोसाइटांची सलग पट्टी दिसली तर शरीर प्रतिकार करीत आहे असे समजावे, आणि ती विरळ असेल तर धोका वाढला असे समजावे. नसेच्या बाबतीतही 'आहे' किंवा 'नाही' एवढे लिहून भागत नाही. बारीक तंतूभोवतीचा शिरकाव आणि १ मिलिमीटरपेक्षा जाड नसेभोवतीचा शिरकाव यांचे वजन सारखे नाही, कारण जाड नस ही रोगाला जबड्यातून कवटीच्या तळाकडे नेणारी तयार वाट असते.

या सर्वांहून जड ओळ मानेतील लसीकाग्रंथींची आहे. एका ग्रंथीत जरी कर्करोग पोचला तरी दीर्घकाळ जगण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते, असे पाठ्यपुस्तके पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. याच ग्रंथींवरून शल्यवैद्यांमध्ये अनेक दशके वाद होता : तोंडातील गाठ लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही, अशा रुग्णाची मान आधीच उघडून ग्रंथी काढाव्यात, की वाट पाहून त्या फुगल्यावर काढाव्यात? या वादाचा निकाल परळला लागला. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून केलेला अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते, तर वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के, म्हणजे अशा दर आठ शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू टळत होता. शिरकाव ३ मिलिमीटरपर्यंतच असलेल्या रुग्णांमध्ये मात्र हा फायदा स्पष्ट दिसला नाही. अहवालातील एक-दोन मिलिमीटर मानेवरील शस्त्रक्रियेचा निर्णय कसा फिरवू शकतात, याचे इतके ठाशीव उदाहरण दुसरे नाही.

ग्रंथीत कर्करोग सापडला की पुढे पाहायचे ते ग्रंथीचे वेष्टन. ते फोडून रोग आसपासच्या चरबीत उतरला असेल तर त्याला वेष्टनबाह्य प्रसार म्हणतात, आणि आठव्या आवृत्तीने याही गोष्टीला स्टेजमध्ये स्थान दिले आहे. २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे निघाले की शस्त्रक्रियेनंतरच्या किरणोपचाराला सिस्प्लॅटिन या औषधाची जोड देण्याचा स्पष्ट लाभ दोन प्रकारच्या रुग्णांना होतो : ज्यांच्यात वेष्टनबाह्य प्रसार आहे त्यांना, आणि ज्यांच्या कापलेल्या कडेपर्यंत कर्करोग पोचलेला आहे त्यांना. कड म्हणजे शल्यवैद्याने गाठीभोवती सोडलेला निरोगी पट्टा. तो ५ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर कड मोकळी, त्याहून कमी असेल तर निकटची, आणि कर्करोग थेट काठावर असेल तर बाधित मानतात. मात्र कापल्याबरोबर अस्तर आणि स्नायू आकसतात, फॉर्मलिनमध्ये थोडे आणखी आकसतात, त्यामुळे शस्त्रक्रियागृहात शल्यवैद्याने पट्टीने मोजून सोडलेला सेंटिमीटर काचेवर तेवढा उरत नाही. कड निकटची आली म्हणून शल्यवैद्याला हलगर्जी ठरवणे अन्यायाचे आहे. पण ही आकसण गृहीत धरून जास्त पट्टा घेणे हे त्याचे कामच आहे.

आतापर्यंत सांगितलेल्या कसोट्यांपैकी बऱ्याचशा जीभ आणि जिभेखालच्या भागाच्या कर्करोगावर घडल्या, कारण पाश्चात्त्य देशांत मुखकर्करोग प्रामुख्याने तेथे होतो. महाराष्ट्रात तंबाखूचा बार गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत बसतो आणि कर्करोगही तेथेच उगवतो. डिक्रूझ यांच्या अभ्यासातही, तो मुंबईत झालेला असूनही, बहुसंख्य रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते. हिरडीचे अस्तर जवळजवळ थेट हाडावर चिकटलेले असते, म्हणून तेथे खोली थोडी भरली तरी रोग जबड्यात उतरलेला असू शकतो. हाडाचा पृष्ठभाग नुसता खरवडला गेला आहे की कठीण कवच फोडून रोग आतल्या मऊ भागात गेला आहे, हा भेद तेथे खोलीपेक्षा महत्त्वाचा ठरतो, आणि प्रचलित वर्गीकरणही हिरडीच्या कर्करोगात वरवरच्या खरवडीला चौथा वर्ग देत नाही. गालात पुन्हा वेगळा प्रश्न : बाहेरची त्वचा, मागचे चावण्याचे स्नायू आणि त्यांच्यामागची पोकळी यांपैकी रोग कोठवर गेला आहे. जिभेसाठी बनवलेली फूटपट्टी गालाला लावायला हरकत नाही, पण ती त्याच भरवशाने लावणे योग्य नाही.

या बाबतीत भारतीय संशोधनाने स्वतःची भर घातली आहे, आणि तिचे मोल मराठी वाचकांपर्यंत पुरेसे पोचलेले नाही. सुपारी व गुटख्यामुळे तोंडाचे अस्तर आतून तंतुमय होऊन कडक बनते, तोंड दोन बोटेही उघडत नाही, आणि अशा तोंडात कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. या पार्श्वभूमीवर उद्भवणारा कर्करोग अधिक वाईट असणार, असाच तर्क कोणीही करील. टाटा मेमोरियलचे पंकज चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच्या उलट चित्र मांडले : असे रुग्ण तरुण होते, त्यांच्या गाठी अधिक विभेदित होत्या, मानेत प्रसार कमी होता आणि फलानुमान तुलनेने बरे होते. तंतुमयतेमुळे बारीक लसीकावाहिन्याच बंद होत असाव्यात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्याच वर्षी कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईच्या खारघरमधील टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र यांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला, आणि त्यात पाश्चात्त्य रुग्णांमध्ये फारशी न आढळलेली काही जनुके वारंवार बिघडलेली दिसली. तरीही शस्त्रक्रियेनंतर उपचार ठरवताना या जनुकांवर विसंबण्याइतका पुरावा साठलेला नाही. घशातील कर्करोगात उपयोगी पडणारी पी-१६ ही चाचणीसुद्धा मुखाच्या कर्करोगात फलानुमानासाठी वापरत नाहीत. नव्या चाचणीच्या मागे धावून जुनी पट्टी नीट न लावणे, हा व्यवहार परवडणारा नाही.

ही पट्टी लावली जाते प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात, जेथे नमुना प्रथम उघड्या डोळ्यांनी पाहून कापला जातो. शल्यवैद्याने पुढची बाजू कोणती आणि वरची कोणती हे टाक्याने खूण करून सांगितलेले नसेल, कडांना वेगवेगळी शाई लावलेली नसेल, मानेच्या चरबीतून ग्रंथी चिकाटीने वेचलेल्या नसतील, तर पुढे सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी काचेवर नसलेली गोष्ट तो दाखवू शकत नाही. 'ग्रंथींत कर्करोग नाही' या वाक्याचा अर्थ तीस ग्रंथी तपासल्यावर एक होतो आणि सहा तपासल्यावर दुसरा होतो. म्हणून अहवाल निबंधासारखा मोकळा न लिहिता ठरावीक रकान्यांत लिहावा, आणि एकही रकाना कोरा सोडू नये, ही शिस्त आवश्यक आहे. तिला यंत्रसामग्री फारशी लागत नाही. लागतो तो वेळ आणि प्रशिक्षित हात.

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या गावातल्या रुग्णासाठी या शिस्तीचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. तोंडातील पांढरा चट्टा किंवा जखम मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवता येते, परंतु मोठी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांसाठी साठेक किलोमीटरवरचे पुणे किंवा थेट परळ गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा दंडक आहे, आणि ते आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतात. कांद्याच्या काढणीत किंवा टोमॅटोच्या तोडणीत सहा आठवडे शहरात राहणे म्हणजे काय, हे आंबेगाव-जुन्नरच्या शेतकरी कुटुंबाला सांगायला नको; महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते, बुडालेल्या हंगामाचा नाही. अशा कुटुंबाला 'किरणे घ्या' किंवा 'किरणांची गरज नाही' असे सांगणारी ओळ चुकीच्या मोजमापावर उभी असेल, तर एका बाजूला जीव जातो आणि दुसऱ्या बाजूला हंगाम. उशिरा आलेला पूर्ण अहवालही सहा आठवड्यांची मुदत खाऊन टाकतो, म्हणून वेग आणि पूर्णता यांत निवड करण्याची मुभा येथे नाही.

आणखी एक बाजू मांडली पाहिजे, कारण विकृतिशास्त्राचे अभ्यासक तिच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. खोली, वेष्टनबाह्य प्रसार, हाडातील शिरकाव यांना रोगाचे गुणधर्म म्हटले जाते. पण १२ मिलिमीटर खोल गेलेली गाठ कधीतरी ३ मिलिमीटर होती. रोगाचा जातिवंत आक्रमकपणा आणि रुग्णाने, डॉक्टरने किंवा व्यवस्थेने गमावलेले महिने, हे दोन्ही त्याच आकड्यात मिसळलेले असतात आणि काचेवर वेगळे करता येत नाहीत. तुकडा काढला की कर्करोग पसरतो, या समजुतीपायी गावोगाव जे महिने वाया जातात, तेही शेवटी याच रकान्यात भरले जातात. या समजुतीला आधार नाही. सर्व आकडे समूहाचे असतात, एका माणसाचे नसतात, हेही खरे. १०० जणांपैकी ६७ जगतात हे विधान त्या ६७ मध्ये कोण आहे ते सांगत नाही, आणि म्हणून अहवाल हातात घेऊन उरलेली वर्षे सांगणाऱ्याकडे संशयानेच पाहावे.

नातेवाइकांनी मात्र अहवालाकडे पाठ फिरवू नये. शस्त्रक्रियेनंतर 'कितवी स्टेज' एवढेच न विचारता, खोली किती मिलिमीटर, कड किती मिलिमीटर मोकळी, किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित, वेष्टन फुटले आहे का, नस आणि हाड धरले आहे का, हे विचारावे, आणि उत्तर कोरे असेल तर पुन्हा विचारावे. मेणात बसवलेला ब्लॉक आणि त्याच्या काचा अहवालाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला तर तेथील विकृतिशास्त्रज्ञ त्याच पुन्हा तपासतो, म्हणून पुण्याहून परळला निघताना ब्लॉक आणि काचा प्रयोगशाळेतून मागून घेऊन बरोबर न्याव्यात.